कारखान्यांत लिहिलेला प्रबंध

नोकरी लागली कीं विद्यार्थिदशा संपली, अशी आपल्या घराघरांतून समजूत असते. पहिल्या पगाराचे पेढे वांटले जातात, पाठ्यपुस्तकें माळ्यावर जातात किंवा धाकट्या भावंडाच्या वांट्याला येतात, आणि पुढें आयुष्यांत परीक्षेचा प्रसंग यावयाचा तो केवळ मुलांच्या निमित्तानें, असें आपण धरून चालतों. मीहि तसेंच धरून चाललों होतों. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका कारखान्यांत लागलों, तेथें सात वर्षें काढलीं, आणि आठव्या वर्षीं, म्हणजे २०१३ सालीं, घरीं चार वर्षांची मुलगी, वृद्ध आई आणि डोक्यावर घराचें कर्ज असतां पुन्हां विद्यार्थी झालों. नोकरी सोडली नाहीं. सोडतां येण्यासारखी परिस्थितीच नव्हती. नोकरींत राहून, नोकरीचेंच काम अभ्यासाचा विषय करून, एम्. टेक्. ही पदवी मिळवावयाची, अशा प्रकारचा तो अभ्यासक्रम होता. त्या दोन वर्षांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ही कल्पना अगदीं नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. लंडनमध्यें १८२३ सालीं डॉ. जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकारानें कारागिरांसाठीं एक संस्था निघाली, तेव्हां दिवसभर हातोडा चालविणारे लोक संध्याकाळीं यंत्रशास्त्रावरील व्याख्यानें ऐकावयास जात. खुद्द आपल्या पुण्यांत १८५४ सालीं जी अभियांत्रिकीची शाळा उघडली, आणि जिचें पुढें मोठें महाविद्यालय झालें, ती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कनिष्ठ नोकरांना शिकवून तयार करण्यासाठींच होती. इंग्लंडांत संडरलंड येथें १९०३ सालीं, आणि अमेरिकेंत सिनसिनाटी येथें हर्मन श्नायडर यांनीं १९०६ सालीं, कांहीं काळ कारखान्यांत आणि कांहीं काळ वर्गांत अशी पाळी लावून शिकविण्याचा उपक्रम केला. श्नायडर यांचे पहिले विद्यार्थी अवघे सत्तावीस होते. आपल्याकडे पिलानीच्या बिर्ला संस्थेनें नोकरदारांसाठीं असे अभ्यासक्रम १९७९ पासून चालविले आहेत. ब्रिटनमध्यें तर याहून पुढची पायरी गांठली गेली. तेथें सनदी अभियंता व्हावयाचें तर पदव्युत्तर पातळीचें ज्ञान असावें लागतें. परंतु ज्याला नोकरी सोडतां येत नाहीं त्यानें काय करावें? त्यासाठीं विद्यार्थी, विद्यापीठ आणि मालक या तिघांनीं मिळून अभ्यासाचा करार करावयाचा, आणि अभियांत्रिकी मंडळानें ठरविलेल्या पांच अंगांच्या कसोटीवर त्याचें रोजचेंच काम तपासावयाचें, अशी सोय तेथें केलेली आहे. त्या पांच अंगांत केवळ शास्त्रज्ञान येत नाहीं. जबाबदारी घेणें, दुसऱ्याला समजेल असें सांगणें आणि व्यवसायाचा धर्म पाळणें हींहि येतात. या शेवटच्या अंगाचा अर्थ मला पुढें चांगलाच कळावयाचा होता.

प्रवेश घेण्यापूर्वीं एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे, व ती म्हणजे पदवीची मान्यता. ३ नोव्हेंबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक निर्णय दिला. चार अभिमत विद्यापीठांनीं आवश्यक त्या संमतीवांचून पत्रद्वारा अभियांत्रिकी शिकविली होती. २००१ ते २००५ या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या त्या निर्णयानें स्थगित झाल्या, व त्यांना तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच ठरल्या. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ त्यांत सांपडले. चाळिशी उलटलेली, हाताखालीं तीस माणसें, आणि रात्रीं मुलगा झोंपल्यावर हे पुन्हां गणिताचीं पुस्तकें उघडून बसत. त्यांनीं कष्ट कमी केले होते असें नव्हे. आपण पैसे कोणाच्या हातीं देत आहों याची चौकशी तेवढी केली नव्हती. पत्रद्वारा शिक्षण निराळें आणि कार्याधिष्ठित शिक्षण निराळें, हें खरें. पण जाहिरातींतून हा भेद नेहमींच स्पष्ट दिसतो असें नाहीं. म्हणून मान्यतेचा कागद स्वतः वाचावा, तो नीट समजला नाहीं तर जाणत्याकडून समजून घ्यावा, आणि मगच शुल्क भरावें.

माझें शुल्क निम्मे मी भरलें व निम्मे कारखान्यानें. त्या निम्म्याच्या मोबदल्यांत पदवी मिळाल्यापासून दोन वर्षें नोकरी न सोडण्याचा करार मला लिहून द्यावा लागला. यांत मला अन्याय वाटला नाहीं. ज्यानें बी दिलें त्यानें पिकाकडे नजर ठेवावी, हें साहजिकच आहे.

आतां वेळेविषयीं. पिंपरी, भोसरी या भागांतल्या कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. विद्यापीठाचे वर्ग भरत ते मात्र शनिवारीं आणि रविवारीं. ज्या दिवशीं सारें जग सुटी घेई त्या दिवशीं मी सकाळच्या पाळीवरून येऊन, तोंडावर पाणी मारून, संगणकापुढें व्याख्यान ऐकण्यास बसे. आणि गुरुवारीं मी घरीं असें तेव्हां पत्नी शाळेंत शिकवावयास आणि मुलगी बालवर्गांत गेलेली असे. अशा रीतीनें दोन वर्षें आम्ही एका घरांत राहूनहि निरनिराळ्या पंचांगांप्रमाणें वागत होतों. अर्ज भरला त्या रात्रीं पत्नीनें मला एकच प्रश्न विचारला होता: “पदवी तुमची होईल, पण वेळ कोणाचा जाणार?” मी तेव्हां हंसून वेळ मारून नेली. उत्तर मजपाशीं नव्हतें, आणि तिलाहि तें ठाऊक होतें.

पहिलें वर्ष कसें गेलें तें विस्तारानें सांगण्यासारखें नाहीं. सात वर्षांत गणित गंजून जातें. अवकल समीकरणें पाहून प्रथम मला घाम फुटला. मग हळूहळू तीं ओळखीचीं वाटूं लागलीं, एवढेंच. एका सहामाहींत सासरे रुग्णालयांत असतां मी परीक्षेला गेलों. ते बरे झाले व मी उत्तीर्ण झालों. परंतु त्या आठवड्याचा हिशेब घरांत अजून कोणीं मिटविलेला नाहीं, आणि तो मीं काढूंहि नये.

खरी कथा दुसऱ्या वर्षींच्या अखेरीस सुरू होते. शेवटच्या सहामाहींत प्रबंध लिहावयाचा असतो, आणि त्याचा विषय आपल्याच कामांतला घ्यावयाचा असतो. विद्यापीठाचा एक अध्यापक पाहणी करतो, आणि कारखान्यांतला एक वरिष्ठ मार्गदर्शक म्हणून सही करतो. माझें काम उष्मोपचाराच्या, म्हणजे आमच्या बोलींत हीट ट्रीटमेंटच्या, खात्यांत होतें. वाहनांच्या गिअरपेटींतले लांब शाफ्ट आमच्या भट्टींत सुमारें ९२० अंश उष्णतेला कार्बनयुक्त वायूंत कांहीं तास ठेवीत व मग एकदम तेलांत बुडवीत. यामुळें शाफ्टचा पृष्ठभाग कांचेसारखा कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. पण या अग्निदिव्यांतून बाहेर पडतांना कित्येक शाफ्ट वांकत. वांकलेला शाफ्ट प्रेसखालीं दाबून सरळ करावा लागे, आणि येथेंच भय होतें. कारण कठीण झालेला पृष्ठभाग दाबला असतां त्याला केंसाएवढा तडा जाऊं शकतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं. चुंबकाच्या साह्यानें लोहकण पसरून तो शोधावा लागतो, आणि सांपडला कीं शाफ्ट भंगारांत. सांपडला नाहीं तर तो कोणाच्या तरी वाहनांत जाऊन बसतो. शाफ्ट वांकतात कां, हा मीं प्रबंधाचा विषय घेतला.

माझें मत आधींच ठरलेलें होतें. दोष पोलादाचा, निरनिराळ्या गिरण्यांतून येणारें पोलाद एकसारखें नसतें, म्हणून तें निरनिराळें वागतें. हें मत खात्यांतल्या सर्वांचेंच होतें, आणि सर्वांना सोयीचेंहि होतें, कारण पोलाद बाहेरून येई. दोन महिने मीं रासायनिक पृथक्करणाचे तक्ते जमविले. ते पाहून विद्यापीठाच्या अध्यापकांनीं मला साधा प्रश्न केला: “वांकतात हें कळलें, पण कोणत्या दिशेला वांकतात?”

मी निरुत्तर झालों. किती वांकला हें आम्ही रोज लिहीत होतों. शाफ्ट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवावयाचा, मधोमध डायल गेजचा कांटा टेकवावयाचा, शाफ्ट फिरवावयाचा आणि कांटा किती हालतो तें टिपून घ्यावयाचें. परंतु तो भट्टींत कोठें पडला होता, आणि त्या जागेच्या मानानें कोणीकडे वांकला, हें वर्षानुवर्षें कोणींच लिहिलें नव्हतें. सात वर्षें त्या भट्टीजवळ वावरून मला हा प्रश्न सुचला नाहीं. आणि ज्यांनीं आमची भट्टी कधीं पाहिली नव्हती त्यांना तो पहिल्याच भेटींत सुचला. नोकरींत राहून शिकण्याचा लाभ काय, असें मला कोणीं विचारलें तर मी ही एवढीच गोष्ट सांगतों.

दुसऱ्या दिवशीं मी सरळ करावयाच्या प्रेसवर गेलों. तेथें एक वयस्क कामगार होते. सारें खातें त्यांना मामा म्हणे. मीं खडूनें शाफ्टवर जागांचे क्रमांक घालावयाची योजना त्यांना समजावून सांगूं लागलों, तेव्हां ते हातांतला शाफ्ट पुसत म्हणाले, “क्रमांक घाला साहेब, पण दिशा मी आत्तांच सांगतों. ट्रेच्या कडेचे खालीं बसतात, मधले थोडे. आणि तेलाच्या तोंडाशीं असतात ते आणखी बाजूला वळतात.”

“मग हें आजवर बोललां कां नाहीं?”

“विचारलं कुणी?” असें म्हणून त्यांनीं शाफ्ट प्रेसवर चढविला.

पुढचे सहा आठवडे मीं आणि मामांनीं मिळून अडीचशेंच्या आसपास शाफ्ट जागेचे क्रमांक घालून मोजले. मी कागदावर लिहीं. ते कांटा वाचीत. मामा म्हणाले होते तसेंच निघालें. आमचे शाफ्ट ट्रेवर आडवे ठेवले जात. त्या उष्णतेला पोलाद मऊ पडतें आणि स्वतःच्याच वजनानें, जेथें आधार नाहीं तेथें, झोल खातें. कडेच्या शाफ्टांना आधार अपुरे होते. ते उभे टांगले असते तर झोल खाण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. तेलाचा प्रवाह हें दुसरें, दुय्यम कारण. पोलाद बिचारें बहुतांशीं निर्दोष होतें.

आतां अडचण अशी कीं आडवा ट्रे ज्यांनीं आंखला होता तेच आमचे खातेप्रमुख, आणि माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शकहि तेच. त्यांची सही झाल्यावांचून प्रबंध विद्यापीठांत जावयाचा नव्हता. मीं मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवला. चार दिवस ते त्याविषयीं अवाक्षर बोलले नाहींत. पांचव्या दिवशीं त्यांनीं मला बोलावून दार लावून घेतलें व म्हणाले, “तिसरें प्रकरण काढून टाका. पोलादाच्या फरकावर पहिलीं दोन आहेत तेवढीं पुरेत. पदवी मिळेल.”

श्रोतेहो, त्या रात्रीं मी जेवलों नाहीं असें सांगितलें तर तें खोटें होईल. जेवलों, पण काय जेवलों तें आठवत नाहीं. दोन वर्षांचे रविवार त्या एका सहींत अडकले होते. प्रकरण काढलें असतें तर कोणाला कळलें नसतें. परीक्षकांना आमचा ट्रे ठाऊक नव्हता, आणि मामा कांहीं प्रबंध वाचावयास येणार नव्हते. पत्नीला मीं हें सारें सांगितलें. तिनें सल्ला दिला नाहीं, फक्त विचारलें, “ते तडा गेलेले शाफ्ट सगळेच सांपडतात का हो?” सगळेच सांपडतात असें छातीवर हात ठेवून मला म्हणतां येईना.

दुसऱ्या दिवशीं मी जुने कागद पाहावयास बसलों, आणि तेथें मला वाट दिसली. ट्रे आडवा कां केला याचें टिपण निघालें. त्या वर्षीं मागणी जवळजवळ दुप्पट झाली होती, भट्टी एकच होती, आणि आडव्या रचनेंत एका खेपेला पुष्कळच अधिक शाफ्ट बसत. म्हणजे तो निर्णय अडाणीपणाचा नव्हता. त्या वेळच्या गरजेला तें उत्तर होतें. पुढें दुसरी भट्टी आली, गरज संपली, परंतु ट्रे तसाच राहिला. मीं तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभीं ही हकीकत घातली. आंकडा एकहि बदलला नाहीं, निष्कर्ष बदलला नाहीं. आधीं मसुद्यांत ‘सदोष आराखडा’ असे शब्द होते तेथें ‘त्या वेळच्या उत्पादनासाठीं आंखलेला व आतां बदलण्याजोगा आराखडा’ असें लिहिलें. प्रमुखांनीं तें दोनदां वाचलें. “हें टिपण तुम्हांला कोठें मिळालें?” एवढेंच विचारून त्यांनीं सही केली. पुढल्या वर्षीं शाफ्ट उभे टांगावयाचा सांगाडा तयार झाला, व त्याच्या रेखाचित्रावर आंखणाऱ्याचें म्हणून त्यांचें स्वतःचें नांव होतें. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं. प्रेसवरचें काम निम्म्याहून कमी झालें.

मी फार धैर्य दाखविलें असें कोणाला वाटल्यास तसें नाहीं. तें टिपण सांपडलें नसतें तर मीं काय केलें असतें, हें मला आजहि सांगतां येत नाहीं. ज्याच्या हातीं आपली बढती त्याच्याच हातीं आपल्या प्रबंधाची सही, ही या अभ्यासक्रमांतली कच्ची जागा आहे, आणि विद्यापीठांनीं तिचा विचार केला पाहिजे असें माझें मत आहे. मार्गदर्शक कारखान्यांतला असावा, पण विद्यार्थ्याच्या खात्याबाहेरचा असावा. निदान मतभेद झाल्यास कोणाकडे जावें तें आरंभींच कागदावर लिहिलेलें असावें.

एक गोष्ट मात्र माझ्या स्वतःच्या पदरीं घालून घेतली पाहिजे. मामांचें नांव मीं प्रबंधांत घातलें, पण तें आभाराच्या पानावर, इतर पंधरा नांवांच्या रांगेंत. ट्रेच्या कडेचे शाफ्ट खालीं बसतात, हें मूळ निरीक्षण त्यांचें, आणि तें तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ओळींत त्यांच्या नांवानें यावयास हवें होतें. तेथें मीं ‘असें आढळून आलें कीं’ असे शब्द वापरले. कोणाला आढळलें, तें त्या वाक्यांत नाहीं. असा कर्ता गाळण्याची रीत शास्त्रीय लेखनांत रूढ आहे, असें मीं त्या वेळीं मनाला समजाविलें.

पदवीदान झाल्यावर मीं प्रबंधाची बांधलेली प्रत कारखान्यांत नेली. मामांनीं हात पुसून ती घेतली, चाळली आणि म्हणाले, “इंग्रजींत आहे. आमचं काय लिहिलंय तें वाचून दाखवा.” दुपारच्या सुटींत प्रेसजवळच्या बाकावर बसून मीं तिसरें प्रकरण त्यांना मराठींत सांगत गेलों. ते डबा बाजूला ठेवून ऐकत होते. आकृती आली तेव्हां त्यांनीं पान आपल्याकडे वळवून घेतलें, बराच वेळ पाहिलें आणि तेलाच्या प्रवाहाच्या बाणावर बोट ठेवलें.

“हा बाण उलटा आहे, साहेब. दारासमोर उभं राहिलं कीं तेल डावीकडून येतं.”

आम्ही दोघे उठून भट्टीपाशीं गेलों. तेल डावीकडूनच येत होतें. मीं आकृती काढली होती ती घरीं बसून, आठवणीनें, एका रविवारीं. शाफ्टांचे मोजमाप जागांच्या क्रमांकांनीं केलेलें असल्यामुळें मुख्य निष्कर्षाला त्यानें बाध येत नव्हता. परंतु तेलाच्या परिणामाविषयींचा एक परिच्छेद मात्र उलटा पडत होता. विद्यापीठाचे अध्यापक, परीक्षक, आमचे प्रमुख आणि मी, इतक्यांच्या नजरेखालून तें पान गेलें होतें.

माझ्या प्रतींत मीं तो बाण पेन्सिलीनें सुधारून घेतला आहे, आणि शेजारीं समासांत मामांचें नांव लिहिलें आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील प्रतींत तो अजून उजवीकडूनच येतो.